बँकेत जमा झाली ती विक्री नव्हे

ताई, तुम्ही लिहिलंय की तांबट आळीतून भांडी घेऊन ॲमेझॉन-फ्लिपकार्टवर विकता, महिन्याला चारेकशे ऑर्डरी होतात, टॅलीतली विक्री जीएसटीशी जुळत नाही, तर कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? सॉफ्टवेअर नंतर बघू. बँकेत आलेली रक्कमच विक्री म्हणून टाकताय ना? घोळ तिथेच आहे. नऱ्ह्याच्या एका गिऱ्हाइकाचं पहिलं वर्ष मीही असंच लिहिलं होतं. मार्चनंतर बारा महिन्यांच्या नोंदी पुन्हा कराव्या लागल्या.

एकच तांब्या घ्या. किंमत १,०००, जीएसटी ५ टक्के धरला तर बिल १,०५०. कमिशन-कुरिअर २००, त्यावर १८ टक्क्यांनी ३६. टीसीएस (प्लॅटफॉर्म कापून सरकारकडे भरतो तो जीएसटी) अर्धा टक्का, म्हणजे ५. टीडीएस (तसाच कापलेला आयकर) ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का, म्हणजे १. हातात ८०८. तुम्ही ८०८ दाखवता, प्लॅटफॉर्मने सरकारला १,००० कळवलेले असतात. शिवाय ३६ चं इनपुट क्रेडिट (खर्चावर भरलेल्या जीएसटीची वजावट) आणि कापलेले ६ रुपये वहीत कुठेच नाहीत.

म्हणून येणेकऱ्यांमध्ये प्रत्येक प्लॅटफॉर्मचं एक खातं उघडा. पूर्ण १,०५० त्याच्या नावे, सगळ्या कपाती आणि बँकेतले ८०८ त्यातच जमा. महिनाअखेर शिल्लक उरेल ती फक्त न आलेल्या सेटलमेंटची, म्हणजे प्लॅटफॉर्मने कपाती करून अजून न पाठवलेल्या पैशांची. जास्त उरली तर आधी परत आलेला माल तपासा. दिवाळीत विकलेला डबा पुढच्या महिन्यात परत येतो, क्रेडिट नोट (विक्री कमी करणारी नोंद) त्या महिन्यात पडते, आणि कमिशन परत मिळालं तरी कुरिअरचे पैसे बहुधा मिळत नाहीत. हे मी अजूनही हातानेच बघते.

ही घडी बसली की ऑटोमेशन सोपं. टॅक्स रिपोर्टवरून विक्री, सेटलमेंट रिपोर्टवरून कपाती. दोन्ही ऑर्डर नंबरवर जोडायचे. किरकोळ विक्रीचा राज्य आणि करदरानुसार पिव्होट (बेरजांचा तक्ता) काढून टॅलीप्राइममध्ये एक्सेलमधून आयात करा. जीएसटी नंबरवाल्यांची बिलं मात्र एकेक घ्या. चारशे ऑर्डरींना एवढं पुरतं, महागडं सॉफ्टवेअर लागत नाही.

आज मात्र एवढं कराच: जीएसटी पोर्टलवर टीसीएस क्रेडिटचा तक्ता उघडा. ती रक्कम स्वीकारून फाइल केल्याशिवाय कॅश लेजरमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या तुमच्या रोख खात्यात, येत नाही. तुमचे किती महिने राहिलेत ते इथे कळवा.