एक जादा रकाना

प्रिय,

तुझं पत्र तीनदा वाचलं. त्यात क्लायंटबरोबर झालेल्या अठ्ठावीस तासांचा हिशेब आहे, फीचा आहे, एसीसीचा, म्हणजे कोचच्या पहिल्या पायरीच्या प्रमाणपत्राचा, अर्ज कधी भरता येईल याचा आहे. आणि अगदी शेवटी, सही केल्यावर, ताजा कलम म्हणून एक ओळ: 'पण हे खरंच माझं काम आहे का?' खरं पत्र तेवढंच. बाकी नमनाला घडाभर तेल.

त्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. कोचने उत्तरं द्यायची नसतात, समोरच्याला प्रश्न विचारून, ऐकून स्वतःचं उत्तर शोधू द्यायचं असतं, म्हणून नव्हे, मला ते माहीतच नाही म्हणून. कुठे शोधायचं ते मात्र थोडंफार सांगता येईल.

ही प्रमाणपत्रं देणाऱ्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनचे आकडे तुला पाठ आहेत. एसीसीला ६० तासांचं प्रशिक्षण, क्लायंटबरोबरचे १०० तास, त्यातले ७५ मानधन घेऊन, शिवाय मेंटॉरबरोबर किमान तीन महिन्यांत विभागलेले १० तास. पुढच्या दोन पायऱ्यांना, पीसीसीला ५०० आणि एमसीसीला २,५०० तासांचा अनुभव. तू याकडे टोलनाका म्हणून बघतोयस: पैसे भरा, फाटक उघडेल. नाहीतर 'अजून ७२ राहिले' असं लिहिलं नसतंस.

मला हे उलटं दिसतं. प्रमाणपत्र हे त्या शंभर तासांचं निमित्त आहे. एरवी अनोळखी माणसांसमोर तोंड मिटून बसायची पाळी आपल्यावर कधी येते? मानधनाची अट तर मला सुरुवातीला बाजारू वाटायची. मग लक्षात आलं की मित्राचं फुकटात ऐकलं की 'आपण किती चांगले' एवढं समाधान पदरात पडतं आणि विषय संपतो. रक्कम कितीही छोटी असो, ती घेतली की आज मला काय मिळालं हे समोरचा बघतो, आणि मग आपल्यालाही बघावं लागतं.

तुझं रेकॉर्डिंग ऐकलं. क्लायंटची परवानगी घेऊन, नाव काढून पाठवलंस, हे चांगलं केलंस. चौदाव्या मिनिटाला ती म्हणते, "नोकरी सोडायची नाहीये मला. मी सोडू शकते, एवढंच घरी कळायला हवंय." आणि थांबते. मी मोजलं, दोन सेकंद. तेवढ्यात तू विचारतोस, "मग तुमच्यापुढे कोणते पर्याय आहेत?" प्रश्न पुस्तकाप्रमाणे बरोबर. पण ती नुकती कुठे दार उघडून उंबऱ्यात आली होती, आणि तू तिला याद्या करायला बसवलंस. पुढची पंधरा मिनिटं ती शहाण्या विद्यार्थिनीसारखी यादी करते. आवाजात जीव नाही.

मग एकतिसाव्या मिनिटाला तू म्हणतोस, "मघाशी तुम्ही घरचं काहीतरी म्हणालात. मी पुढे पळालो." इथे तुझाच आवाज बदलतो. खाली येतो, सावकाश होतो. त्यानंतरच्या सात-आठ मिनिटांत तू एकही हुशार प्रश्न विचारलेला नाहीस. तो तुकडा मी पुन्हा पुन्हा ऐकला. तुझ्या ताज्या कलमाचं उत्तर असलंच तर तिथे आसपास असेल.

आता एक काम सांगते. अर्जासाठीच्या नोंदीत नाव, संपर्क, तारखा, सशुल्क तास, विनामूल्य तास एवढंच लागतं. तुझ्या वहीत शेवटी एक जादा रकाना आख. सेशन संपल्यावर, फोन हातात घेण्याआधी, त्यात एक ओळ लिही: आत्ता मी कसा आहे? सेशन कसं झालं ते नको. 'दमलो पण हलका', 'कंटाळलो', 'कधी संपतंय असं झालं', जे असेल ते.

माझ्या वहीत पहिल्या चाळीसेक नोंदींमध्ये 'हुशार वाटलं' हे सारखं येतं. मला त्याचा अभिमानही होता. मग मूल्यमापनाला पाठवलेलं पहिलं रेकॉर्डिंग नापास झालं. शब्दशः उतारा काढून बघितला, तर निम्म्याहून जास्त ओळी माझ्याच! सल्ले द्यायचे आणि शेवटी प्रश्नचिन्ह लावायचं: "तुम्हाला असं नाही का वाटत, की..." उंटावरून शेळ्या हाकणंच ते, फक्त उंट प्रशिक्षित होता. दुसऱ्याला सुचू देण्यातली मजा मला फार उशिरा कळली, आणि कळल्यावर वहीतले शब्द आपोआप बदलले.

आमच्या तुकडीतला एकजण मात्र साठेक तासांवर थांबला. समजावून सांगायला मिळालं की तो खुलायचा, गप्प बसावं लागलं की कोमेजायचा. शिकवायला परत गेला. आम्ही उगाच हळहळलो. आजही तो काही समजावू लागला की ऐकत राहावं. तुझ्या रकान्यातून असं काही निघालं तर मी रागावेन असं समजू नकोस. फी गेल्याची चुटपुट लागेल, ती लागू दे.

एक मात्र सांभाळ. सेशननंतर तुझंच जुनं काही वर आलं आणि दोन-दोन दिवस खाली बसलं नाही, तर ते क्लायंटच्या वेळात मांडू नकोस, समुपदेशकाकडे ने. क्लायंटला त्याची गरज दिसली तर त्यालाही तिकडेच पाठव. मदत करायची ओढ आणि स्वतःला मदत हवी असणं, यांचे चेहरे फार सारखे असतात.

आणि नोकरी एवढ्यात सोडू नकोस. ज्या क्लायंटच्या पैशांवर घरभाडं निघतं, त्याला 'आता तुम्हाला माझी गरज उरली नाही' असं सांगायला जीभ रेटत नाही. मला एका वर्षी रेटली नव्हती. तिघांना मी सहा महिने जास्त धरून ठेवलं.

पुढच्या भेटीला निवडून चांगलं रेकॉर्डिंग आणू नकोस. 'ते नको, फारच फसलं' असं ज्याबद्दल लिहिलंयस ते अकराव्या तासाचं आण, परवानगी असेल तर. वहीही आण. जादा रकाना तोवर अर्धाच भरलेला असेल, तर तसाच राहू दे. आठवून आठवून भरू नकोस.

तुझी मेंटॉर