राज्यपालांच्या मिसेस येणार असतील तर आधी हे वाच

प्रिय पोरी,

तुझा मेसेज मिळाला. परळला हॉस्पिटलबाहेर फुटपाथवर राहणाऱ्या पेशंटच्या नातेवाइकांसाठी तुमचा ग्रुप काम करतो, त्याच्या कार्यक्रमाला राज्यपालांच्या मिसेसना बोलवायचंय आणि तू विचारतेस स्टेज केवढं बांधू, शाल कुठली घेऊ. शालीचं राहू दे गं, आधी त्यांच्या हातात काय आहे ते समजून घे.

राज्यघटनेत राज्यपालांच्या पत्नीला किंवा पतीला कसलंच पद नाही, सहीचा अधिकार नाही, फाइल त्यांच्याकडे जात नाही. राज्यपालांची मुदतच कलम 156 प्रमाणे 5 वर्षं, तीही राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत, त्यामुळे मलबार हिलवरून सामान कधी बांधावं लागेल सांगता येत नाही. पण या मिसेसनी चहाला बोलावलं की पालिकेचे साहेब, हॉस्पिटलवाले, धर्मशाळेचे ट्रस्टी एका टेबलाशी येऊन बसतात. आपण अर्ज करून करून थकतो तरी हे जमत नाही. एवढी मोठी गोष्ट रिबन कापण्यात घालवू नका, खरंच सांगते.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या रोझलिन कार्टर माहितीयेत ना, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जिमी कार्टरच्या मिसेस? तिकडे गव्हर्नर निवडून येतो. 1966 ला नवरा गव्हर्नरच्या निवडणुकीला उभा होता आणि त्या पहाटे कापड गिरणीच्या गेटवर प्रचार करत होत्या. नाइट शिफ्ट करून एक बाई बाहेर आली, अगदी दमलेली. यांनी विचारलं, आता घरी जाऊन झोपणार ना? तर ती म्हणाली घरी मानसिक आजारी मुलगी आहे, नवऱ्याच्या पगारात भागत नाही म्हणून मी रात्रपाळी करते. लालबाग-परळमध्ये वाढलेल्या माणसाला ती बाई लगेच ओळखीची वाटेल. ती निवडणूक हरले, पण 1971 ला नवरा गव्हर्नर झाला तेव्हा रोझलिनबाई मानसिक आरोग्याच्या सरकारी आयोगावर बसल्या, अटलांटाच्या हॉस्पिटलात व्हॉलंटिअर म्हणून जायला लागल्या, आणि 1987 मध्ये आजारी माणसाची काळजी घेणाऱ्या घरच्यांसाठी संस्थाच काढली. म्हणजे तुमचाच विषय की गं!

आपल्याकडे व्हाइसरॉयची बायको लेडी डफरिन, हिने 1885 मध्ये बायकांना लेडी डॉक्टर मिळाव्यात म्हणून फंड उभारला. 1888 ला ती परत गेली तरी फंड चालू राहिला. राज्य परक्याचं होतं, पण ही गोष्ट शिकण्यासारखी आहे.

तर स्टेज नको. दोन-तीन कुटुंबांशी त्यांची शांतपणे गाठ घालून दे. ती बाई असते ना, जिच्याकडे रिपोर्टची फाइल प्लास्टिकच्या पिशवीत असते आणि पाऊस आला की स्वतःच्या डोक्याआधी ती फाइल झाकते, तिला बोलू दे, तुमच्यापैकी कोणी मध्ये बोलू नका. फोटो काढायचा तर आधी त्या घरच्यांना विचारायचं, आणि नको म्हणाले तर नको. मग मागणी एकच ठेवा, रात्री झोपायला जागा. सगळ्यांना एकत्र बसवून मीटिंग घ्या, एवढंच त्यांच्याकडे मागा. कुणी काय कबूल केलं ते त्याच दिवशी लिहून सगळ्यांना पाठवायचं, आणि पुढचा पाठपुरावा तुमच्याच ग्रुपने करायचा, म्हणजे मॅडम दुसऱ्या राज्यात गेल्या तरी काम अडणार नाही.

निमंत्रणाचा मसुदा मला पाठव, मी बघून देते.

तुझी,
ताई