माळ्यावरचा शटरवाला टीव्ही

प्रश्न : शटरच्या लाकडी कॅबिनेटमधला २० इंची कृष्णधवल टीव्ही २५ वर्षं माळ्यावर पडून होता. प्लग लावून बघू का?

उत्तर : थेट मुळीच लावू नका. इतकी वर्षं वीज न मिळाल्याने पॉवर सप्लायचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे डबीसारखे भाग) आतून सुकलेले किंवा गळके असू शकतात. एकदम २३० व्होल्ट मिळाले की फुगतात, कधी फुटतात. टोकं फुगून वर आलेले, बुडाशी तपकिरी चिकटा धरलेले कपॅसिटर आधी बदला. नव्यावर छापलेले मायक्रोफॅरड (साठवणक्षमता) तेवढेच, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त.

मग १०० वॅटचा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे टीव्हीला जाणारी वीज बल्बमधूनच जाईल असा, जोडून सेट सुरू करा. एलईडी चालणार नाही. बल्ब भपकन पेटून मंद झाला तर ठीक. लख्खच राहिला तर शॉर्ट आहे, लगेच बंद करा.

पिक्चर ट्यूबच्या रबरी टोपीखाली हजारो व्होल्ट साठलेले असू शकतात, म्हणून तिथलं काम जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्या. ट्यूबची मान फार नाजूक असते, तिला धरून सेट उचलू नका.

चित्रासाठी सेटटॉप बॉक्सला व्हीएचएफवर (जुन्या टीव्ही चॅनेलच्या लहरींवर) चालणारा आरएफ मॉड्युलेटर, म्हणजे बॉक्सचं चित्र अँटेनाच्या सिग्नलमध्ये बदलणारी डबी, जोडा. फक्त यूएचएफचा (त्याहून वरच्या लहरींचा) घेतलात तर जुन्या ट्यूनरवर मुंग्याच दिसतील.

आणि शटरच्या पट्ट्यांना तेल लावू नका, धूळ बसून त्या अडकतात. खाचेत मेणबत्ती घासा.