मुलगी अकरावी सायन्सला जातेय, गणित ठेवू की सोडू?

भाऊ, तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. मुलगी रावेर तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळेतून दहावी झाली. विज्ञानात मार्क चांगले, गणितात सत्तरच्या आसपास. सायन्सलाच जायचं हे तिचं पक्कं आहे, पुढे काय व्हायचं ते अजून नाही. मामा म्हणतात गणित सोड, बायोलॉजी घे, 'नीट' ही डॉक्टरकीची प्रवेशपरीक्षा दे. शाळेतले सर म्हणतात दोन्ही ठेव. घरी केळीची बाग आहे, बाहेरगावी क्लासला ठेवणं परवडणार नाही. आणि शेवटी तुम्ही एक वाक्य लिहिलंय, की केळीवर रोग पडला की ती पानं तोडून घरी आणते आणि हे कशाने झालं म्हणून विचारत बसते.

हे शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. त्याकडे येतो.

मी जळगाव जिल्ह्यातच तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि बायोलॉजी, चारही ठेवा. आणि दहावीत मार्क कमी पडले एवढ्याच कारणाने तर गणित मुळीच सोडू नका.

चार विषयांचं ओझं होईल असं सगळे म्हणतात. त्यात किती खरं आहे ते बघा. बारावीला सहा विषय असतात, प्रत्येकी १०० मार्कांचे, मिळून ६००. इंग्रजी सक्तीचं. दुसरी भाषा, किंवा तिच्याऐवजी आयटी. मग फिजिक्स आणि केमिस्ट्री. राहिल्या दोन जागा. गणित सोडलं म्हणून ती जागा रिकामी राहत नाही, तिथे भूगोल किंवा कॉलेजात शिकवत असतील तो दुसरा विषय येऊन बसतो. भूगोल गणितापेक्षा हलका जातो हे मान्य, पण पेपर तेवढेच द्यायचे. (बायफोकल म्हणून एक प्रकार आहे, कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स, क्रॉप सायन्स वगैरे. तो २०० मार्कांचा असतो आणि दुसऱ्या भाषेची आणि आणखी एका विषयाची जागा घेतो, बहुधा बायोलॉजीची. तुमच्या मुलीला बायोलॉजीची ओढ दिसतेय, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका.)

आता गणित सोडून गणित सुटतं का? मी वर्गात रोज पाहतो, सुटत नाही. अकरावीच्या फिजिक्सच्या पुस्तकात पहिला धडा एककं आणि मापनाचा, आणि दुसऱ्या धड्याचं नावच मॅथेमॅटिकल मेथड्स. व्हेक्टर, त्यांचे दोन प्रकारचे गुणाकार, डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशनची तोंडओळख, हे सगळं पहिल्या दीड-दोन महिन्यांत समोर येतं. गणिताच्या पुस्तकात मात्र डिफरन्सिएशन दुसऱ्या भागाचा अगदी शेवटचा धडा आहे. म्हणजे गणितवाली मुलंसुद्धा तेव्हा नवखीच असतात. पण पुढे त्यांच्या गणिताच्या तासाला तेच पुन्हा येतं, सराव होतो, गाठ सुटते. बायोलॉजी-भूगोलवाल्या मुलांना ती दुसरी संधी मिळत नाही.

एकच उदाहरण देतो. चेंडू ३० अंशांत फेकला आणि तितक्याच वेगाने ६० अंशांत फेकला, तर दोन्ही वेळा तो सारख्याच अंतरावर पडतो (हवेचा अडथळा सोडून). सूत्रात साइन टू थीटा आहे, थीटा म्हणजे फेकण्याचा कोन. थीटा ३० असेल तर साइन ६०, थीटा ६० असेल तर साइन १२०, आणि या दोघांची किंमत एकच. ज्याने ट्रिगनोमेट्रीचे धडे केलेत त्याला हे बघताक्षणी दिसतं आणि गंमत वाटते. ज्याने गणित सोडलंय तो वहीत 'रेंज सेम' असं लिहून पाठ करतो. परीक्षेत कोन २० आणि ७० दिले की अडकतो. मागे पारोळ्याकडची एक मुलगी होती, चांगली हुशार, पहिल्याच आठवड्यात येऊन म्हणाली, "सर, माले गणित जमत नही." म्हणून तिने भूगोल घेतला होता. बायोलॉजीत ती वर्गात पुढे होती. नीटच्या फिजिक्समध्ये मात्र दरवेळी मागे पडायची. नीटचा पेपर ७२० मार्कांचा, त्यात १८० फिजिक्सचे, चुकलेल्या उत्तराला एक मार्क वजा. मामा म्हणतात तसं नीटच द्यायची असली तरी फिजिक्समधल्या गणिताला तोंड द्यावंच लागतं.

दहावीचे सत्तर मार्क ही काळजीची गोष्ट नाही. दहावीच्या गणितात अर्धा पेपर भूमितीचा असतो, प्रमेयं आणि रचना. अकरावीत ती भूमिती जवळपास नाहीच. रेषा, वर्तुळ, शंकुच्छेद येतात पण समीकरणांच्या वाटेने. भूमितीत मार्क गेलेली आणि बीजगणित बरं असलेली मुलं अकरावीत मोकळी होताना मी पाहिलीत. म्हणून तिची गुणपत्रिका काढून नुसती बेरीज पाहू नका, तिलाच विचारा की दोन पेपरांपैकी जड कुठला गेला. बीजगणित जड गेलं असेल तर मात्र सुट्टीत दहावीचाच भाग पहिला तिच्याकडून पुन्हा सोडवून घ्या. दुसरं काही नको.

गणित सोडलं की काय काय बंद होतं ते एकदा नीट कळू द्या, कारण हे मामा सांगणार नाहीत. इंजिनिअरिंग बंद, आर्किटेक्चर बंद. एनडीएत नेव्ही आणि एअरफोर्स बंद, पायलट बंद. बीएस्सीला फिजिक्स, गणित, संख्याशास्त्र घ्यायचं म्हटलं तर अडचण. बायोलॉजी सोडली तर डॉक्टरकीच्या सगळ्या वाटा बंद, एमबीबीएस, बीएएमएस, बीएचएमएस, जनावरांचा डॉक्टरही. बीएस्सी नर्सिंगही बंद. पण इथे एक फरक आहे. वैद्यकीय आयोगाने २०२३च्या नोव्हेंबरात सांगितलं की बारावीनंतर बायोलॉजी जादा विषय म्हणून देऊनही नीटला बसता येईल. गणितही नंतर वेगळं देता येतं, पण घरी बसून एकटीने गणित उभं करणं फार कठीण. वर्गात, फळ्यासमोर, शेजारच्या मुलीच्या वहीत डोकावत जे गणित होतं ते एकट्याने होत नाही. म्हणून ज्याला शिक्षक लागतो तो विषय आत्ता धरून ठेवायचा.

आता केळीच्या पानांकडे येतो. तुमच्या भागात करपा आणि सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस), या दोन्ही रोगांनी बागा हैराण होतात. सीएमव्ही मावा या किडीमुळे पसरतो, आणि बागेच्या आजूबाजूला काकडी-भोपळ्याच्या वेली असल्या की या रोगाला आसरा मिळतो, हे तुम्ही अनुभवाने ओळखतच असाल. मुलगी विचारते, हे कशाने झालं? या प्रश्नावर माणसं आयुष्यभर काम करतात. त्याला लागणाऱ्या वाटा बीएस्सी ॲग्री, बायोटेक्नॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी अशा आहेत. आणि यातली एकही गोष्ट नुसत्या बायोलॉजीवर चालत नाही. टिश्यू कल्चरच्या प्रयोगशाळेत रोपं वाढवायचं माध्यम बनवायचं तर लिटरला किती मिलिग्रॅम हार्मोन हे मोजावं लागतं. दोन औषधांपैकी कुठल्याने करपा कमी झाला हे ठरवायला सांख्यिकी लागते, आणि ती बीएस्सी ॲग्रीच्या अभ्यासक्रमात आहेच.

ॲग्रीला प्रवेश एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेशपरीक्षेवर होतो आणि तिथे गणिताचा गट चालतो तसा बायोलॉजीचाही चालतो. बीफार्मसीचंही तसंच. खान्देश राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे येतो. धुळ्याला त्यांचं सरकारी कृषी महाविद्यालय आहे आणि जळगावला केळी संशोधन केंद्र. एखाद्या दिवशी तिला घेऊन त्या केंद्रावर जाऊन या. तिने आणलेलं पान तिथे कुणी हातात घेऊन बघितलं तर पुढे काय व्हायचं याचं उत्तर तिला माझ्यापेक्षा लवकर सापडेल. सातबारा असलेल्या घरातल्या मुलांना ॲग्रीच्या प्रवेशात जादा गुण मिळत आलेत, तेव्हा त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचून कागद तयार ठेवा.

सीईटी २०० मार्कांची, निगेटिव्ह मार्किंग नाही. गणित गटात १०० मार्क एकट्या गणिताचे असतात, ५० प्रश्न, प्रत्येकी दोन मार्क. बायोलॉजी गटात तेवढेच मार्क बायोलॉजीचे. सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीवर असतात, म्हणून अकरावी आरामाचं वर्ष समजू नका. चारही विषय असले की दोन्ही गटांच्या सीईटी देता येतात.

नीटबद्दल मामांना वाईट वाटणार नाही अशा बेताने हे सांगा: २०२४ला देशात २३ लाखांहून जास्त मुलांनी नीट दिली, आणि एमबीबीएसच्या जागा तेव्हा लाखाच्या थोड्या वर होत्या, त्यात खासगी कॉलेजांच्या जागाही धरलेल्या. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे, आणि मुलीने मनापासून ठरवलं तर द्यावी जरूर. पण दुसरी काही वाट उघडी न ठेवता तिला तिथे ढकलू नका.

पैशांचं म्हणाल तर बाहेरगावच्या क्लासवाचून होत नाही हे मला मान्य नाही. बालभारतीची अकरावी-बारावीची पुस्तकं त्यांच्या साइटवर फुकट मिळतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे २०२४च्या जुलैपासून, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना सरकारी प्रवेशफेरीतून मिळालेल्या व्यावसायिक शिक्षणाचं शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क राज्य सरकार पूर्ण भरतं. तुम्ही त्यात बसत असाल तर उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढा. क्लासच्या नावाखाली दोन वर्षांत लाख-दीड लाख घालवण्यापेक्षा तो पैसा पुढच्या हॉस्टेलला राखून ठेवलेला बरा.

मराठी माध्यमातून आली आहे, म्हणून पहिली सहामाही जड जाईल. दहावीचंच विज्ञानाचं पुस्तक इंग्रजीतलं उतरवून घ्या आणि मराठीच्या शेजारी ठेवून रोज दोन पानं वाचायला सांगा. मजकूर ओळखीचा असल्याने भाषा लवकर सरावते.

आणि कॉलेज निवडताना निकालाचे फलक पाहू नका, प्रयोगशाळा पाहा. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी तिन्हींत १०० पैकी ३० मार्क प्रॅक्टिकलचे. ते मार्क कसेही मिळतात अशी सगळ्यांची समजूत झालीय, म्हणून कित्येक ठिकाणी प्रॅक्टिकल होतच नाहीत, जर्नल उतरवून काढतात. हे मला फार सलतं. बारावीला ऑक्झॅलिक ॲसिडचं टायट्रेशन असतं. गरम केलेल्या द्रावणात ब्युरेटमधून, म्हणजे खाली तोटी असलेल्या काचेच्या नळीतून, जांभळं परमँगनेट थेंब थेंब सोडायचं. पहिल्या थेंबाचा रंग जायला वेळ लागतो, मुलं घाबरतात की चुकलं. मग अचानक पुढचे थेंब पडताच रंग उडू लागतो, कारण क्रियेत तयार झालेलं मँगनीजच क्रियेला वेग देतं. शेवटी एका थेंबाने फिकट गुलाबी रंग येतो आणि टिकतो. पानं घेऊन येणाऱ्या मुलीच्या हातात ती ब्युरेट आली पाहिजे. कॉलेजात चौकशीला जाल तेव्हा ऑफिसात विचारू नका, आत्ता बारावी झालेल्या दोन मुलींना गाठून विचारा की वर्षभरात लॅबमध्ये किती वेळा उभं राहिलात.

अकरावीचा प्रवेश २०२५पासून सगळ्या महाराष्ट्रात ऑनलाइन झालाय. अर्जात शाखा आणि कॉलेजांचे पसंतीक्रम भरायचे, विषय पुढे कॉलेजात प्रवेश पक्का करताना ठरतात. तेव्हा पसंतीक्रम भरण्याआधीच त्या त्या कॉलेजात विचारून घ्या की गणित आणि बायोलॉजी एकत्र देता का, आणि दोन्हींचे तास किंवा प्रॅक्टिकलच्या बॅचेस एकमेकांवर येत नाहीत ना. काही ठिकाणी वेळापत्रकच असं असतं की एकाला दांडी मारावी लागते. ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, म्हणून खर्चाचा प्रश्न नाही, वेळेचा आहे. प्रॅक्टिकलची बॅच सकाळची असली तर तुमच्या गावाहून पहिली गाडी कितीला निघते आणि ती पोचते का, तेवढं पाहून मगच पहिला पसंतीक्रम भरा.