बूथवरच्या आजी

प्रश्न : बाई, माझी आजी गेल्या वर्षी गेली. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. त्या दिवशी एक छोटी पुस्तिका वाटायचं ठरलंय आणि मजकूर माझ्या अंगावर आलाय. आजी कुठल्याच पदावर नव्हती. पण वीसेक वर्षं पल्स पोलिओचा रविवार आला की ती बूथवर बसायची, नंतर ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांवर, जायची. लिहायला बसले की ‘मनमिळाऊ, परोपकारी, हसतमुख’ एवढंच सुचतं. आणखी एक. माझा दहावा वाढदिवस नेमका पोलिओच्या रविवारी आला. पहाटे पाचला उठवून तिने माझ्या दोन वेण्या घातल्या, शिरा केला आणि गेली ती रात्री आठला आली. मी रागाने दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. हेही लिहावंसं वाटतं, पण बाबा म्हणतात, श्राद्धाला तक्रार कशाला? काय करू?
— एक वाचक, वाळवा तालुका

उत्तर : बाळ, ते तीन शब्द खोड आणि तिचा रविवार लिही. मी आरोग्यसेविका म्हणून ३१ वर्षं नोकरी केली, तीही उसाच्याच पट्ट्यात. तुझी आजी मला भेटली होती की नाही, ठाऊक नाही. पण तिच्यासारख्या आज्यांच्या शेजारी मी दिवसदिवस बसले आहे.

मोहीम १९९५ साली सुरू झाली तेव्हा तीन वर्षांपर्यंतची मुलं होती, पुढच्या वर्षीपासून पाच वर्षांपर्यंतची झाली. आम्ही सरकारी माणसं किती पुरणार? बूथवरच्या उरलेल्या खुर्च्या या बायकांनी भरल्या. सकाळी लसीची पेटी यायची, आत बर्फाच्या पॅकमध्ये कुप्या. कुपीवर एक गोल असतो आणि गोलाच्या आत चौकोन. चौकोन फिका असेल तर लस चांगली, गोलाइतका गडद झाला की कुपी वापरायची नाही. माझ्या बूथवर एक आजी यायच्या, शाळा दुसरीपर्यंतच झालेली. प्रत्येक कुपी उजेडात धरून आधी चौकोन बघायच्या. एकदा भर गर्दीत त्यांनी एक कुपी माझ्या हातातून काढून घेतली. मी चष्मा लावून पाहिलं. त्यांचं बरोबर होतं.

आणि कोप्या! तोडीला माणसं पहाटेच जातात, पोरं सोबत फडात. म्हणून रविवारनंतर आम्ही दिवेलागणीला जायचो. घर झालं की दारावर खडूने खूण करायची असते. पण पाचटाच्या कोपीला दार कुठलं, आणि खडू उमटणार कशावर? आजी बैलगाडीच्या फळीवर खूण करायच्या. बीडकडची एखादी बाई ‘मागं पाजलंय की, परत कशाला?’ म्हणत पोर पदराखाली घ्यायची. मी समजावायचे, सगळ्या पोरांना एकदमच पाजलं की विषाणूला राहायला आतडंच उरत नाही. ती ढिम्म. मग आजी तिच्या चुलीपाशी मातीतच बसायच्या, लाकूड पुढे सारायच्या, गाव कुठलं, पोर कितवं, विचारायच्या. थोड्या वेळाने पोराच्या जिभेवर दोन थेंब आणि डाव्या करंगळीला शाई. माझी सगळी प्रशिक्षणं त्या चुलीपुढे कमी पडली, हे मी मनापासून सांगते.

देशातला नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालात, हावडा जिल्ह्यात सापडला. २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. तुझी आजी तेव्हा होती. ती बातमी तिने ऐकली का, ऐकून काय म्हणाली, घरात विचार. हे पुस्तिकेत यायलाच हवं, कारण त्या प्रमाणपत्रात तिचे रविवार आहेत आणि तुझा तो वाढदिवसही आहे.

बाबांचं म्हणणं मला पटत नाही. पाचला उठवून वेण्या घालणाऱ्या बाईला नातीचा दिवस चांगला लक्षात होता. त्या वेण्यांमुळेच ती मला इथे बसून दिसली. राग गाळलास तर वेण्याही गळतील. माझी मुलगी अशाच एका रविवारी तापाने फणफणली होती आणि मी बूथवर होते. तिने माझी किती वाट पाहिली, हे मला सांगितलं ते थेट तिच्या लग्नानंतर. मी रडले, पण तिने सांगितलं याचं मला फार बरं वाटलं.

आता उपकेंद्रात एक चक्कर मार. जुन्या सिस्टर, अंगणवाडीताई, कुणीतरी तिच्याबरोबर बसलेलं सापडेल. ‘आजी कशी होती’ असं विचारू नकोस, ‘चांगली होती’ म्हणतील आणि गप्प बसतील. दुपारी डब्यात काय आणायची, रडणाऱ्या पोराला काय म्हणायची, ते विचार.

पुस्तिकेची एक प्रत मला पाठव. आणि त्या शिऱ्यात ती केळं घालायची का, तेही लिही.