वडिलांचे शेअर्स नावावर आले, पण सॉफ्टवेअर म्हणतं मी ते विकत घेतले

प्रश्न : आम्ही सांगलीच्या गावभागातले. वडील २०२४ मध्ये गेले, मृत्युपत्र केलेलं नव्हतं. डीमॅट खात्याला मी नॉमिनी असल्याने शेअर बाजारात नोंदणीकृत असलेल्या एका कंपनीचे त्यांचे ३०० शेअर्स मार्च २०२५ मध्ये माझ्या खात्यात जमा झाले. त्याच कंपनीचे माझे १०० शेअर्स आधीपासून होते, २०२२ मध्ये ४८० रुपयांनी घेतलेले. गुंतवणुकीचा हिशेब मी ज्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवते, तिथे हे ३०० शेअर्स जमा झाल्या दिवशीच्या ६१० रुपये भावाने ‘खरेदी’ म्हणून दिसतात. सप्टेंबर २०२५ मध्ये १५० शेअर्स ५६० रुपयांनी विकले. वडिलांनी २०११ मध्ये साधारण ९० रुपयांनी घेतले होते, पण ती बिलं २०१९ च्या पुरात गेली. भाऊ म्हणतो, यात आईचा आणि त्याचाही वाटा आहे. नोंद कशी दुरुस्त करू?

उत्तर : ताई, ती ‘खरेदी’ आधी काढून टाका. तुमच्या खिशातून एक रुपयाही गेलेला नाही, तरी तिथे १ लाख ८३ हजारांची गुंतवणूक दिसते आहे, आणि पुढचं सगळं गणित त्या एका ओळीमुळे चुकतं आहे.

वारसा म्हणून शेअर्स मिळाले याबद्दल कर नाही. विकताना मात्र किंमत धरायची ती वडिलांनी मोजलेली, आणि मुदतही त्यांनी घेतल्या दिवसापासून मोजायची. तुमची विक्री सप्टेंबर २०२५ ची आहे, म्हणून तिला १९६१ चाच आयकर कायदा लागू. त्यातलं कलम ४९ किमतीबद्दल हेच सांगतं, आणि कलम २(४२ए) मुदतीबद्दल. तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये ‘ट्रान्स्फर इन’ किंवा शेअर्स जमा अशी, पैशांची हालचाल नसलेली नोंद करा आणि किंमत ९० लिहा.

आता तारीख. माझ्याकडे येणाऱ्या कागदांत सर्वांत जास्त चुका मला इथेच दिसतात. तुम्ही २०११ ची तारीख घातलीत की सॉफ्टवेअर तारखेप्रमाणे रांग लावेल आणि विकलेले सगळे १५० शेअर्स वडिलांचे धरेल. डीमॅटमधली रांग तशी नसते. आधी आलेला आधी बाहेर हा नियम खरा, पण ‘आलेला’ म्हणजे त्या खात्यात जमा झालेला. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचं १९९८ चं परिपत्रक क्रमांक ७६८ बाहेर जाण्याचा क्रम खात्यातल्या प्रवेशाच्या तारखेवरच लावतं. तुमचे १०० आधीपासून खात्यात होते, म्हणून ते आधी गेले. वडिलांचे गेले फक्त ५०.

त्यातही ३१ जानेवारी २०१८ ही तारीख आहे. त्याआधी घेतलेल्या नोंदणीकृत शेअर्ससाठी त्या दिवशीचा बाजारातला सर्वोच्च भाव आणि विक्रीचा भाव, यांतला कमी तो घ्यायचा. तो मूळ किमतीहून जास्त असेल तर तीच किंमत समजायची. समजा त्या दिवशीचा भाव २६० होता. मग तुमच्या १०० शेअर्सवर नफा ८,००० आणि वडिलांच्या ५० वर १५,०००, मिळून २३,०००. आजच्या चुकीच्या नोंदीतून ५,५०० येतात. नुसती २०११ ची तारीख घातली तर ४५,००० येतील. एकाच विक्रीची तीन उत्तरं, आणि विवरणपत्रात त्यातलं एकच बरोबर. अशा दीर्घ मुदतीच्या नफ्यावर वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नाही, त्यामुळे दुसरी मोठी विक्री नसेल तर या विक्रीवर कदाचित काहीच भरावं लागणार नाही. पण उरलेले शेअर्स कधीतरी विकले जातील, आणि चुकीची नोंद तेव्हा नडेल.

खरेदीची आणि खात्यात जमा झाल्याची अशा दोन तारखा न घेता सॉफ्टवेअर एकच तारीख घेत असेल तर ‘बाबांचे शेअर्स’ असा वेगळा पोर्टफोलिओ करा. विक्री स्वतः विभागून लिहा: तुमच्या पोर्टफोलिओतून १००, तिथून ५०.

पुरात गेलेल्या बिलांसाठी जीव टांगणीला लावू नका. वडिलांच्या डीपीकडे, म्हणजे त्यांचं डीमॅट खातं सांभाळणाऱ्या बँकेकडे किंवा ब्रोकरकडे, ३१ जानेवारी २०१८ या दिवसाचं होल्डिंग स्टेटमेंट मागा. त्या दिवशी शेअर्स त्यांच्या खात्यात होते हे सिद्ध झालं आणि तेव्हाचा भाव ९० पेक्षा बराच वर असला, तर २०११ च्या बिलावाचून नफ्याच्या आकड्यात फरक पडत नाही. तो भाव शेअर बाजाराच्या जुन्या नोंदींत मिळतो. मध्ये बोनस (फुकट मिळालेले जादा शेअर्स) किंवा स्प्लिट (एका शेअरचे अनेक शेअर्स) झाला असेल तर मात्र सीएंना आधीच सांगा. २०१८ च्या त्या तारखेनंतरच्या बोनस शेअर्सची किंमत शून्य धरावी लागते.

भावाचं म्हणणं बरोबर आहे. सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी शक्ती येझदानी खटल्यात हे स्पष्ट केलं: नॉमिनी हा मालक होत नाही, वारसाहक्काचा कायदाच चालतो. मृत्युपत्र नसल्याने १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, भाऊ आणि तुम्ही, तिघांचा समान वाटा. वडिलांच्या आई हयात असतील तर त्यांचाही. तिघंच असाल तर प्रत्येकी १००. विकलेले ५० तुमच्या वाट्यातले धरता येतील, पण हे दोघांना लेखी कळवा. मार्च २०२५ पासून आलेल्या लाभांशातला त्यांचा भागही त्यांना द्या. सॉफ्टवेअरमध्ये ‘खरेदी’ लिहिलं आहे हा मालकीचा पुरावा होऊ शकत नाही, आणि तसा तो पुढे करूही नका.

नॉमिनीकडून वारसांकडे शेअर्स जाताना ती विक्री समजली जाऊ नये म्हणून सेबीने १ जानेवारी २०२६ पासून ‘टीएलएच’ (ट्रान्समिशन टू लीगल हेअर्स, म्हणजे कायदेशीर वारसांकडे हस्तांतर) हा कोड आणला आहे. डीपीकडे जाल तेव्हा हा कोड लावायला सांगा. आणि आईंचे १०० शेअर्स आईंच्याच डीमॅटमध्ये जाऊ द्या. पुढे ते कुणाला द्यायचे असतील तर त्या स्वतः देतील. ‘आई काही मागत नाही’ म्हणून त्यांचं नाव गाळू नका.