गॅमा किरणांतून नवं भौतिकशास्त्र मिळतं, की पैसा पाण्यात?

तुम्ही विचारलंय, "इतकी वर्षं अवकाशातले गॅमा किरण मोजून नवं काही सापडलं का, की नुसताच पैसा पाण्यात?" शेवटचे शब्द वाचले आणि राहवलं नाही.

माझी पीएचडी बटू दीर्घिकांमधल्या (आकाशगंगेभोवतीच्या छोट्या तारकासमूहांमधल्या) डार्क मॅटरवर, म्हणजे न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या पदार्थावर. तिथे तारे मोजके, डार्क मॅटर भरपूर; त्याचे कण एकमेकांना भिडून नष्ट होत असतील, तर गॅमा किरण दिसायला हवेत. फर्मी या अवकाशातल्या गॅमा किरण दुर्बिणीचा डेटा सगळ्यांना खुला आहे. मी शोधले, दिसले नाहीत. अशा वेळी आलेखात बिंदूखाली बाण काढतात, म्हणजे 'असलेच तर याहून कमी'.

प्राध्यापकपदाच्या मुलाखतीत एका सरांनी प्रबंध चाळला. पान उलटलं, बाण. पुन्हा उलटलं, बाणच. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "अहो, सगळे बाण खालीच? मग तुम्हाला सापडलं काय?" मी सांगू लागलो, की २०१५ मध्ये फर्मीच्या गटानं अशाच १५ दीर्घिकांवरून डार्क मॅटरच्या लाडक्या उमेदवाराची, विम्प नावाच्या जड पण क्वचितच कशाला भिडणाऱ्या काल्पनिक कणाची, १०० जीईव्हीच्या (प्रोटॉनच्या सुमारे शंभरपट वस्तुमानाच्या) खालची बरीच वाट बंद केली. "म्हणजे नाहीच सापडलं," म्हणत त्यांनी प्रबंध मिटला आणि पुढच्या उमेदवाराला हाक मारली.

त्या सरांना आवडेल असा 'शोध' २०२२ मध्ये आला होता. ९ ऑक्टोबरच्या जीआरबी २२१००९ए या दूरच्या गॅमा किरण स्फोटातून १८ टीईव्हीपर्यंतचे (१ टीईव्ही म्हणजे हजार जीईव्ही) फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, आल्याचं सिचुआनमधल्या ल्हासो वेधशाळेनं कळवलं. इतक्या लांबून येताना ते दीर्घिकांच्या पार्श्वप्रकाशाशी टकरून संपायला हवेत. मग पोचले कसे? झालं, अ‍ॅक्सिऑनसारखे (अजून न सापडलेले, अतिहलके) कण, आइनस्टाइन चुकला, शोधनिबंधांचा नुसता पाऊस! नीट विश्लेषण झाल्यावर आकडा १३ टीईव्हीच्या आसपास आला आणि बराचसा उत्साह मावळला. त्याच स्फोटाच्या ६४,००० हून जास्त फोटॉनांच्या वेळा तपासून जे हाती राहिलं, तो पुन्हा बाणच: ऊर्जेनुसार प्रकाशाचा वेग सरळ प्रमाणात बदलत असलाच, तर तो परिणाम ठळक होण्याची ऊर्जापातळी प्लांक ऊर्जेच्या (जिथे गुरुत्वाचे क्वांटम परिणाम अपेक्षित आहेत, त्या प्रचंड ऊर्जेच्या) दहापटीहून वर. गुरुत्वाकर्षण आणि क्वांटम सिद्धांत जोडू पाहणारी (क्वांटम गुरुत्वाची) काही मॉडेलं यानं गोत्यात आली. याला पैसा पाण्यात म्हणायचं असेल तर म्हणा.

हां, बटू दीर्घिकेत डार्क मॅटर किती, हा अंदाज हलला की मर्यादाही हलते. आकाशगंगेच्या केंद्राकडून येणाऱ्या जादा गॅमा किरणांचा वादही मिटलेला नाही. डार्क मॅटर म्हणा की मिलिसेकंद पल्सार, म्हणजे सेकंदात शेकडो गिरक्या घेणारे मृत तारे.

विद्यार्थी असाल तर खुशाल या क्षेत्रात या, लडाखात हानलेला आपली २१ मीटरची मेस ही गॅमा किरण दुर्बीणही आहे. आणि मुलाखतीत कुणी "सापडलं काय?" विचारलं, तर बाणांचाच आलेख पुढे ठेवून विचारा, "सर, तुमचा विम्प यात कुठे बसवता?"